लहान मुलांना उपवासकाळ शिकवताना: धर्मशिक्षणाच्या नव्या टीचरांसाठी

जानेवारी संपत आला की धर्मशिक्षणाच्या ग्रुपवर मेसेज येतो, "टीचर, लेंटची तयारी सुरू करा." लेंट म्हणजे उपवासकाळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. ज्यांच्याकडे बालवाडी ते तिसरीचा वर्ग पहिल्यांदाच आलेला असतो, त्यांच्या पोटात गोळा येतो. मोठ्यांसाठी प्रवचनं असतात, रिट्रीट असतात. पण सहा वर्षांच्या मुलाला पश्चात्ताप कसा सांगायचा, हे कुणी जवळ बसवून शिकवत नाही.

मी मुंबईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या, आधीच्या मुलांना शिकवते. या वयात उपवासकाळ मुलांच्या हातून करवून घ्यावा, नुसता समजावत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि ही वाट ईस्टरकडे जाते, हे त्यांना दर रविवारी दिसलं पाहिजे. ईस्टर नजरेआड झाला की मुलांच्या डोक्यात एवढंच उरतं: हे खायचं नाही, ते करायचं नाही, येशूला मारलं.

१. सगळ्यात आधी तारखा

ईस्टर चंद्रावर ठरतो. चर्चच्या गणितानुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तिथून ४६ दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) २१ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला.

मुंबईत अडचण होते ती परीक्षांमुळे. मार्च उजाडला की वर्ग निम्मा होतो. उरलेल्या मुलांचे आईबाबाही "टीचर, आज जरा लवकर सोडाल का?" म्हणत दारात उभे असतात. म्हणून जे खरोखर महत्त्वाचं आहे ते पहिल्या तीन-चार रविवारी करून घ्या. शेवटासाठी काही मोठं राखून ठेवू नका.

होळीही याच दिवसांत येते. २०२७ ला तर ती ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या अगदी तोंडावर आहे. "टीचर, रंग खेळू का?" हा प्रश्न येणारच. वर्गासाठी नियम काढू नका, आईबाबांना विचारायला सांगा. सोसायटीतल्या मित्रांबरोबर आनंदाने खेळल्याने उपवासकाळ मोडतो, असं मुलांच्या मनात भरवणं मला पटत नाही.

२. काय काय लागेल

- मराठी बायबल, आणि त्या वर्षाच्या रविवारच्या वाचनांची यादी
- झाकणाचा एक खोका (बुटांचा चालतो)
- पांढरा आणि जांभळा कार्डपेपर, क्रेयॉन, फेविकॉल, बोथट टोकाच्या कातऱ्या
- प्रत्येक मुलासाठी एक कागदी वाटी, थोडी माती किंवा कापूस, मूठभर गहू
- पालकांसाठी एका पानाचं पत्र: काय करणार, कधी करणार, घरून काय हवं
- वर्गाबाहेर नेणार असाल तर पालकांची लेखी परवानगी आणि सोबत आणखी एक मोठं माणूस
- मुलांच्या ॲलर्जींची नोंद

खोलीत एकटं मोठं माणूस आणि मुलं, असं कधी ठेवू नका, दोघं असाच. मुलांचे फोटो पालकांना न विचारता स्टेटसवर टाकू नका. बिस्किटांचा पुडा मात्र जवळ ठेवा. मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) संपवून आलेली मुलं भुकेली असतात, आणि भुकेल्या मुलांना उपवासाबद्दल सांगणं बरं नाही.

एक गोष्ट फादरांना आधीच विचारून घ्या: तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी कोणती वाचनं होणार आहेत? धर्मग्रामात बाप्तिस्म्याची तयारी करणारी मोठी माणसं असतील तर त्या तीन रविवारी ‘अ’ वर्षाची वाचनं घेता येतात (रविवारची वाचनं अ, ब, क अशी तीन वर्षांच्या चक्राने फिरतात). तसं झालं तर तुम्ही वर्गात एक गोष्ट सांगता, मुलांनी मिस्सेत ऐकलेली असते दुसरीच.

३. आदल्या रविवारी आलेलुया पेटीत ठेवा

उपवासकाळात मिस्सेत आलेलुया (देवाच्या स्तुतीचा घोष) म्हणत नाहीत. हे मुलांना नुसतं सांगितलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी प्रत्येकाला एका पट्टीवर मोठ्या अक्षरांत "आलेलुया" लिहून रंगवू द्या. एकदा सगळ्यांनी जोरात गायचं, मग पट्ट्या खोक्यात घालायच्या, झाकण लावायचं, चिकटपट्टी मारायची. खोका वर्गात दिसेल असा ठेवा. "कधी उघडायचा?" असं मुलं दर रविवारी विचारतात, आणि त्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी "ईस्टरला" असंच असतं. धड्यातून जे साधत नाही ते या खोक्याने साधतं.

४. राखेचा बुधवार

हा दिवस शाळेचा असतो, सुट्टी नसते. त्यामुळे आदल्या रविवारीच दोन गोष्टी सांगून ठेवा.

पहिली, राख येते कुठून. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेली झावळी, जिचा क्रुस करून आपण आल्तारामागे खोचून ठेवतो, तीच वाळल्यावर परत मागवतात आणि जाळून राख करतात. मुलांना वाळलेली झावळी हातात घेऊन बघू द्या, मोडू द्या. वर्गात जाळायचा मोह मात्र आवरा.

दुसरी, शाळेत कुणी विचारलं तर काय सांगायचं. सकाळच्या मिस्सेला जाऊन आलेलं मूल कपाळावर राख घेऊन शाळेत जातं आणि बाकावरचा मित्र विचारतो, "हे काय लावलंय?" ज्याला उत्तर माहीत नसतं ते मूल राख पुसून टाकतं. म्हणून वर्गात जोड्या करा आणि सराव घ्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं: "आजपासून ईस्टरची तयारी सुरू. देवाकडे परत वळायचं, त्याची ही खूण." एवढं पुरे. घामाने राख ओघळली तर काय, हेही मुलं विचारतात. ओघळू दे म्हणावं. खूण लावून घेतली ती घेतलीच.

राख लावताना फादर दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक, "तू माती आहेस आणि मातीला मिळशील" या अर्थाचं. दुसरं, "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा" या अर्थाचं. ज्या मुलाच्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल, त्याच्यावर पहिल्या वाक्याचा घाला पडू शकतो. अशा मुलाच्या आईबाबांशी आधी बोला.

५. चाळीस दिवसांची पट्टी

एका कार्डपेपरवर चौकटी आखा. वरच्या ओळीत चार: बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. त्याखाली सात-सात चौकटींच्या सहा ओळी, प्रत्येक ओळ रविवारपासून सुरू. एकूण ४६ होतात. सहा रविवारांच्या चौकटीत छोटा सूर्य काढा. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासाच्या दिवसांत धरत नाहीत. ते सहा वजा केले की ४० उरतात. दुसरी-तिसरीतली मुलं हा हिशोब स्वतः मांडतात आणि खूश होतात. सगळ्यात खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत ईस्टर.

पट्टी घरी, फ्रिजवर. रोज रात्री एक चौकट रंगवायची. चार-पाच दिवस राहून गेले तर एकदम रंगवलेले चालतात. इथे कडक होऊ नका, नाहीतर पट्टी कपाटात जाते.

पट्टीवर तारे, स्टिकर, "सगळ्यात जास्त कोणाचे" असली स्पर्धा लावू नका. राखेच्या बुधवारचं शुभवर्तमान मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं असतं. त्यात येशू सांगतो की दान, प्रार्थना आणि उपवास लोकांनी पाहावं म्हणून करू नका. ते वाचून दाखवायचं आणि लगेच भिंतीवर नावांचा तक्ता लावायचा, हा उघड विरोध आहे, आणि मुलांच्या तो बरोबर लक्षात येतो.

६. मुलांनी काय सोडायचं

नवीन टीचर सगळ्यात जास्त इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर.

चर्चच्या कायद्यानुसार मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो. उपवासाचा नियम १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. म्हणजे तुमच्या वर्गातल्या एकाही मुलाला यातलं काहीच बंधनकारक नाही. मात्र तोच कायदा, कलम १२५२, असंही सांगतो की जे नियमात बसत नाहीत त्या लहानांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ कळावा, याची काळजी धर्मगुरूंनी आणि पालकांनी घ्यावी. आपलं काम तेवढंच आहे. जेवण सोडा, डबा खाऊ नका, असं चुकूनही म्हणू नका. एखादं मनस्वी मूल ते खरं धरतं आणि दुपारपर्यंत उपाशी राहतं.

मुंबईतल्या मुलांना उपवास नवा नसतो. शेजारची काकू एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते, खालच्या मजल्यावरचा मित्र रमजानात रोजा धरतो. २०२६ ला तर रमजान आणि उपवासकाळ जवळजवळ एकत्रच सुरू झाले. ही ओळख वापरा. "त्यांचा असा, आपला असा" एवढं सांगा. कुणाचा कडक, कुणाचा सोपा, अशी तुलना वर्गात होऊ देऊ नका.

कोळीवाड्यातल्या मुलांचं एक वेगळंच असतं. "टीचर, आमच्याकडे शुक्रवारी मटण नाही, पापलेट!" असं एखादी आनंदाने सांगते. नियमात मासे चालतात, त्यामुळे घरच्यांचं काही चुकत नाही. ताटावरून कुणाला बोलू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की ज्या घरात मासळी हेच सुख आहे, तिथल्या मुलाचं सोडणं दुसरीकडे शोधावं लागतं.

मग सोडायचं काय? चॉकलेट हे उत्तर वर्गात आपोआप येतं, कारण ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यावर थांबू नका. "तुझ्या दिवसातली अशी कोणती गोष्ट आहे जी दुसऱ्याला दिलीस तर त्याला बरं वाटेल?" असं विचारा आणि थोडं गप्प बसा. मग खरी उत्तरं येतात. एका मुलाने स्कूलबसमधली खिडकीची जागा धाकट्या बहिणीला द्यायचं ठरवलं. लिफ्टचं बटण भावाला दाबू देईन, असं दुसऱ्याने सांगितलं. पाच वर्षांच्या मुलासाठी लिफ्टचं बटण ही लहान गोष्ट नाही. जेवताना मोबाईल नाही, रिमोट आजीकडे, आईने दुसऱ्यांदा हाक मारायच्या आत उठणं: असं एकच ठरवा, रोज जमेल असं. ते वर्गात मोठ्याने सांगायची सक्ती नको. कागदावर चित्र काढून घडी घालून घरी न्यायचं.

"रविवारी चॉकलेट खाल्लं तर चालेल?" हा प्रश्न दरवर्षी येतो. घरी जे ठरलं असेल ते पाळायला सांगा. पुढे मोडलं तर? "उद्यापासून पुन्हा." येशू कुठे नोंद ठेवत नाही, टीचरही ठेवत नाही, हे मुलांना कळू द्या.

७. प्रार्थना

थोडकीच ठेवा. वर्गाच्या सुरुवातीला मेणबत्ती, अर्धा मिनिट शांतता, मग "हे आमच्या स्वर्गातील बापा". मधे थांबून "आमचे अपराध क्षमा कर" ही ओळ एकदा पुन्हा म्हणा आणि विचारा, या आठवड्यात कुणाला सॉरी म्हणायचं राहिलंय? उत्तर मनातच द्यायचं. वर्गासमोर चुका कबूल करायला लावणं पूर्ण टाळा. या मुलांचं पहिलं पापनिवेदन (फादरांपुढे चुका कबूल करणं) अजून व्हायचं आहे. त्याबद्दल भीती बसली तर ती मोठेपणीही जात नाही.

८. दानाचा डबा

प्रत्येकाला वेगळा डबा देण्यापेक्षा वर्गाचा एकच ठेवा, झाकलेला आणि नाव नसलेला. कुणी किती टाकलं हे कुणालाच दिसू नये. वर्गात बिल्डिंगमधलीही मुलं असतात, चाळीतलीही आणि वस्तीतलीही. पैसे आईबाबांकडून मागून आणायचे नाहीत, एवढी एकच अट. स्वतःचं काही वाचलं असेल तर टाकावं. नसेल तर चित्र टाकावं, तेही दानच. खेळणी देणार असतील तर चांगल्या अवस्थेतली. तुटकी गाडी देऊन टाकणं याला आवराआवर म्हणतात.

९. दर रविवारी काय घ्यायचं

वर्गापूर्वी मुलांना पाच मिनिटं चर्चमध्ये न्या आणि काय बदललंय ते शोधायला लावा. जांभळा रंग कुणीतरी लगेच सांगतं. आल्तारावर फुलं नाहीत, हे सहसा मुलीच टिपतात. ग्लोरिया (स्तुतिगीत) म्हटला नाही, हे गाणाऱ्या मुलांच्या लक्षात येतं. चौथ्या रविवारी फुलं परत दिसतात, कुठे कुठे फादर गुलाबी वस्त्रही घालतात: अर्धी वाट संपली, ईस्टर जवळ आला.

२०२७ हे वाचनांचं ‘ब’ वर्ष आहे. पहिल्या रविवारी मार्कच्या शुभवर्तमानातली, येशू वाळवंटात राहिला त्याची गोष्ट. ती फार छोटी आहे, पण तिच्यात जंगली जनावरं आणि देवदूत दोन्ही आहेत, त्यामुळे चित्र काढायला उत्तम. दुसऱ्या रविवारी डोंगरावर येशूचं रूप पालटतं. तिसऱ्याला तो मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलतो. "येशू रागावला?" हो, रागावला. गोष्ट गुळगुळीत करू नका. चौथ्या रविवारचं निकोदेमाशी झालेलं बोलणं या वयाला जड आहे. त्यातलं "देवाने जगावर प्रेम केलं" एवढंच घ्या.

पाचवा रविवार, १४ मार्च, हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा. योहानच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो की गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. शनिवारी रात्री गहू भिजत घाला. रविवारी प्रत्येक मुलाने आपल्या वाटीत माती घालून दाणे पेरायचे, वर मातीचा पातळ थर. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर उकाड्यात बुरशी धरते. वाटी खिडकीत ठेवायची. मुलांना धीर नसतो, दुसऱ्याच दिवशी ती माती उकरून बघतात. बघू द्या. दाणा फुगलेला असतो, टोकाला पांढरं मूळ डोकावत असतं. बरोबर दोन आठवड्यांनी ईस्टर, तोवर वाटीत हिरवीगार पाती उभी असतात. पेरताना फार बोलू नका. "दाणा दिसत नाही, मग तो संपला का?" एवढं विचारून सोडून द्या.

१०. क्रुसाची वाट आणि गुड फ्रायडे

शुक्रवार संध्याकाळची मोठ्यांची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांवर थांबत केलेली प्रार्थना, लहानांना लांब पडते. चौदापैकी चार स्थानं घ्या: चौथं, येशूला आई भेटते. पाचवं, सिमोन क्रुस उचलायला मदत करतो. सहावं, वेरोनिका तोंड पुसते. चौदावं, कबर. प्रत्येक ठिकाणी एक वाक्य, एक कृती. सिमोनच्या ठिकाणी बाक चौघांनी मिळून उचलून बघायचा. मार्कने सिमोनच्या दोन मुलांची नावंही दिली आहेत, अलेक्झांडर आणि रूफस. हे ऐकल्यावर मुलं एकदम सावरून बसतात: त्या दिवशी क्रुस उचलणाऱ्याच्या घरीही पोरं होती!

गावठाणातला क्रुस जवळ असेल तर शेवटचं स्थान तिथे घ्या. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्या काळात अनेक गावठाणांत क्रुस उभे राहिले. संकटात लोक तिथे जमून प्रार्थना करत. रहदारी बघा, मुलांचे हात धरा, दहा मिनिटांत परत या.

तीन गोष्टींपासून जपा.

दुःखसहनाचे सिनेमे आणि रक्ताने माखलेली चित्रं दाखवू नका. "येशूला क्रुसावर खिळलं, तो मेला" हे सरळ शब्दांत सांगा आणि त्याच तासाला "तिसऱ्या दिवशी तो उठला" हेही सांगा. शुक्रवारवर गोष्ट थांबवून मुलांना घरी पाठवू नका.

"तू खोटं बोललास म्हणून येशूला खिळे लागले" हे वाक्य अजूनही काही घरांत ऐकू येतं. सहा वर्षांच्या जिवावर एवढं ओझं टाकायचा आपल्याला अधिकार नाही.

आणि "ज्यू लोकांनी येशूला मारलं" असं कधीही म्हणू नका. येशू, मारिया, पेत्र, सगळे ज्यूच होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट सांगितलं आहे की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही. आपल्या मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आहेत, मस्जिद बंदरजवळचं त्यांचं शार हारहामीम सिनेगॉग १७९६ सालचं आहे. वर्गातल्या मुलाचा मित्र किंवा शेजारी त्यांच्यातला असू शकतो.

११. ईस्टरची तजवीज आधीच करा

ईस्टरच्या रविवारी बहुतेक ठिकाणी वर्ग नसतो. कुणी वसईला आजीकडे, कुणी गोव्याला, कुणी मंगलोरला गेलेलं असतं. मग तो खोका तसाच बंद राहतो आणि जूनमध्ये कपाटात सापडतो. असं होऊ देऊ नका. पवित्र सप्ताहाच्या आधीच फादरांना भेटा आणि ईस्टरच्या सकाळच्या मिस्सेनंतर पाच मिनिटं मागून घ्या. हजर असतील तेवढ्या मुलांनी चिकटपट्टी फाडायची, पट्ट्या वर धरायच्या आणि आलेलुया गायचं. गावी जाणाऱ्यांना त्यांची पट्टी पाकिटात घालून आधीच द्या. पाकिटावर लिहा: "रविवारी उघड."

गव्हाच्या वाट्या ग्रोटोपाशी (मारियेची मूर्ती असलेल्या गुहेपाशी) मांडता येतात. दानाचा डबा धर्मग्रामातल्या, गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे द्या. शक्य असेल तर त्यांच्यातल्या कुणालातरी वर्गात बोलवा आणि हे पैसे कशाला लागतात ते मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या: कुणाचं औषध, कुणाचं रेशन, कुणाची फी. कुटुंबाचं नाव न घेता, अर्थातच.